वांग्यांच्या दोन ओळी

भरताच्या हिरव्या वांग्याचं मूठभर बी रुमालात बांधून माझा धाकटा भाऊ खानदेशातून सुरतेला आला, तेव्हाच मी ओळखलं की गडी हात टेकून आलाय. आमच्या मळ्यात हे वांगं आई होती तेव्हापासूनचं. पण तिथल्या विहिरीचं पाणी खारं होत गेलं, रोपं करपत गेली, आणि आता एवढंच बी उरलं होतं. "तुनी गच्चीवर लाई देख," तो म्हणाला. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, सुरतेच्या कडेला, आमच्या भेस्तानातही बोअरचं पाणी खारंच, बादल्यांवर पांढरे थर चढवतं. तापीचं गोड पाणी नळाला येतं ते पिण्यापुरतं.

माझी मुलगी कॉलेजात जंतूंवर संशोधन करते. "आई, ते बी मला दे ने," ती तिच्या सुरती ढंगात म्हणाली. खाडीच्या खाऱ्या चिखलात खुशाल वाढणारं एक गवत तिने शोधलं होतं आणि त्याच्या मुळांशी राहणारे जंतू प्रयोगशाळेत वाढवले होते. तिचं म्हणणं असं, की खारं पाणी लागलं की झाड घाबरतं आणि मुळं वाढवायचीच थांबवतं. हे जंतू ती घबराट कमी करतात, मग मुळं पुन्हा वाढीला लागतात.

ते जंतू तिने बाटलीत भरून आणले आणि सरळ फ्रीजमध्ये ठेवले. मी जन्मभर पालिकेच्या मराठी शाळेत मुलांना हात धुवायला शिकवलेली बाई. माझं डोकंच फिरलं. "माझ्या फ्रीजमध्ये जंतू?"

"शेजारच्या पातेल्यात दही आहे ना? ते कोणी लावलं?" ती म्हणाली. हा उलट बोलायचा गुण तिने माझ्याकडूनच उचललाय.

खरं भांडण नंतर झालं. गच्चीवर पेरलेल्या बियांची रोपं हाताएवढी झाल्यावर तिने निम्म्या रोपांची मुळं बाटलीतल्या पाण्यात बुडवून लावली. उरलेली तशीच, कोरडी लावली. दोन्ही ओळींना बोअरचंच पाणी द्यायचं, असा हुकूमही सोडला.

"म्हणजे ही ओळ मरू द्यायची? अगं, शेवटचं बी आहे ते!"

"नाहीतर झाडं कशाने जगली हे मला कसं कळणार? आणि मामाला मी काय सांगू?"



उन्हं तापली तशी कोरड्या ओळीची पानं कडेने जळायला लागली. बाटलीतल्या पाण्यात बुडवलेली ओळ मात्र ताठ उभी. एका सकाळी माझ्याने राहवेना. पिण्याच्या पाण्याचा तांब्या भरला आणि गच्चीवर गेले. ती माझ्याआधीच तिथे होती, एका वाळलेल्या रोपापाशी उकिडवी बसलेली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हातात बोअरच्या पाण्याचा मग होता. तेवढंच घातलं होतं तिने, एक थेंबही गोड नाही. मला तिचा अभिमान वाटला. एवढा धीर माझ्याच्याने झाला नसता. मी तांब्या तुळशीत रिकामा केला आणि तिच्याजवळ जाऊन बसले.

ती ओळ गेली. दुसरीला जांभळी फुलं आली, मग हिरवी, लांबोडकी, पांढऱ्या रेघांची वांगी लागली. एकच आम्ही गॅसवर भाजलं. गल्लीभर वास सुटला, शेजारची गुजराती बेन वाटी घेऊन आली, आणि मी तिला माझ्या लेकीचं कौतुक भरीत संपेपर्यंत ऐकवलं. बाकीची वांगी झाडावरच पिवळी होऊ दिली, बियांसाठी.

भाऊ पुन्हा आला तेव्हा मी त्याच रुमालात बी बांधून दिलं. पोरगी तेव्हा घरी नव्हती, प्रयोगशाळेत होती. म्हणून सांगायचा मान मला मिळाला. बियांबरोबर तिने भरून ठेवलेली बाटलीही त्याच्या पिशवीत घातली.

"बी ते समजनं, पन हाई बाटलीमा काय शे?"

"जंतू," मी म्हणाले. "तुझ्या भाचीने पाळलेले. फ्रीजमध्ये ठेव, दह्याशेजारी. आणि लावताना सगळीच रोपं त्यात बुडव, एकही सोडू नकोस. मरायची ती ओळ आम्ही इथे मरू दिली आहे."