दारापाशी टांगलेला डबा

आगं माय माय! लेकराच्या औषधाचा डबा कुणी दारात टांगतं का? चपलांच्या वर, खिळ्याला, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यासमोर! भावाच्या घरात पाय ठेवला अन् पहिलं हेच दिसलं. मी पिशवी हातात घेऊन तिथंच उभी.

मी चांगुणा, लातूरजवळच्या मुरुडची. शिवशंकर माझा धाकटा भाऊ, लातुरात दाळमिलमधी कामाला हाय. त्याची बायको सुकन्या एसटीत कंडक्टर. पहाटं साडेपाचला घर सोडती, नांदेडची फेरी मारून दुपारी तीनला येती. दोन लेकरं, नऊ वर्षांची दीपमाला अन् पाच वर्षांचा सत्यम. त्या सत्यमलाच मी मुरुडला न्यायला आले होते. आई दिवसभर गाडीत, बाप मिलमधी, मग लेकरू कुणाच्या जिवावर? माझं घर मोठं अन् पोरं पुण्याला. मला ते लेकरू पाहिजेच होतं, खोटं कशाला बोलू?

मला वाटलं, घरात पसारा असंल, लेकरं उपाशी असतील, चार शब्द सुनवायला जागा मिळंल. कशाचं काय! तीन खणांचं घर, पण काय मजाल एक चमचा इकडचा तिकडं असंल. आठवडाभराचे कपडे रविवारीच जोड्या लावून ठेवलेले. शर्टात चड्डी, चड्डीत मोजे, मोज्यात रुमाल. लसूण सोलून ठेवलेला, दाण्याचं कूट करून ठेवलेलं. अन् सगळे डबे खालच्या फळीवर, वरच्या फळ्या मोकळ्या! हे कसलं उलटं घर?

"लेकरांचा हात पुरला पाहिजे ना, आक्का," सुकन्या भाकरी थापता थापता म्हणली. "माझा हात तर दिवसभर तिकिटं फाडून राहिला. आपला एकच कायदा हाय. वस्तू घेतली की तिच्या जागी परत. अंधारात हात घातला तरी सापडली पाहिजे."

मग तव्यावरची भाकर उलटून म्हणली, "अन् तो दारातला डबा तेवढा हलवू नका. सत्यमला धाप लागती, त्याचा पंप हाय त्यात. घरात कुटंही असलं तरी दार सगळ्यांला जवळ पडतं."

मी 'हाव' म्हणले. पण आतून लई राग आला. कालची आलेली भावजय मला शिकवून राहिली! माझी दोन लेकरं काय डब्यावर वाढली का? अन् धाप कुणाला लागत न्हाई?

रात्री जेवताना मी सत्यमला न्यायचं काढलं. शिवा खाली बघून जेवत राहिला. सुकन्या म्हणली, "विचार करते, आक्का." म्हणजे न्हाईच, असं मी धरलं.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. दोघं नवराबायको कामावर. म्हणलं, आज हिला दाखवते घर कसं लावत असतात. माळ्यावरच्या गाद्या काढल्या, काठीनं झोडपल्या. धुळीचा नुसता ढग झाला. मग तो डबा काढला. चारचौघांत औषध दिसलं की लेकराला नजर लागती, अन् लोक उद्या म्हणतील रोगट पोरगं हाय. डबा कपाटात ठेवला, कुलूप घातलं, किल्ली माझ्या जुडग्यात ओवली अन् जुडगं कनवटीला खोवलं. लई बरं वाटलं मला.

तासाभरात सत्यम खोकायला लागला. मी म्हणलं, पाणी पी. तो बसला. मग त्याच्या छातीतून शिट्टी वाजल्यावाणी आवाज यायला लागला. बरगड्या आत ओढून राहिल्या, ओठ निळे! देवा रे!

दीपमाला धावत दारापाशी गेली. खिळ्याला हात घातला. खिळा मोकळा.

"आत्या, डबा?"

मी कनवटीचं जुडगं काढलं. त्यात माझ्या मुरुडच्या घराच्या, कोठीच्या, पेटीच्या धा-बारा किल्ल्या. कोणती कपाटाची? एक लावली, न्हाई. दुसरी लावली, न्हाई. तिसरी लावायच्या घाईत जुडगंच खाली पडलं.

पोरगी रडली न्हाई. माझ्याकडं एकदा बघितलं अन् अनवाणी पळाली शेजारी, वहिदाकडं. वहिदा ब्लाऊज शिवती. तिच्या मशीनजवळ भिंतीला दुसरा पंप टांगलेला होता! सुकन्यानंच ठेवलेला. मला कुणी सांगितलं होतं? अन् मी कुटं विचारलं होतं?

दोघी धावत आल्या. दीपमालानं भावाला सरळ बसवलं, पंपाला नळी लावली, तोंडाला धरली. "सत्या, हळू ओढ. एक. दोन. तीन." नऊ वर्षांची पोर! वहिदा माझ्या पाठीवर हात फिरवून म्हणत होती, "कुछ नै होता आक्का, कुछ नै होता." आणि मी त्या किल्ल्या गोळा करून राहिले होते. करायला गेले गणपती अन् झाला मारुती, पण हा मारुती लेकराच्या जिवावर उठला होता.

धा-पंधरा मिनिटांनी त्याच्या ओठांवर रंग आला.

सुकन्या तीनला आली. वहिदानं फोनवर सगळं सांगितलं होतं. खाकी कपड्यावरच तिनं सत्यमला पोटाशी धरलं अन् मग माझ्यावर जी ओरडली! "आक्का, एक डबा हलवू नका म्हणले होते! एकच! माझ्या लेकराचा जीव होता त्यात!" जन्मात मला असं कुणी बोललं न्हाई. मी ऐकून घेतलं. खरंच होतं ते.

मग तिनं पलंगाखालून एक पिशवी ओढली. आत सत्यमचे कपडे, जोड्या लावलेले. वर त्याची आवडती चादर.

"पुढल्या महिन्यापासून मला देगलूर मुक्कामाची गाडी हाय," ती म्हणली. "दिवसाआड रात्री घरी न्हाई. यांची रातपाळी. पहाटं उठून पिशवी भरली होती, आक्का. आज आल्यावर तुम्हाला हो म्हणणार होते."

तिनं एकेक जोडी काढली अन् खालच्या फळीवर परत ठेवली.

"मग मुक्कामाच्या रात्री लेकरं कुणाजवळ?" मी कसंबसं विचारलं.

"वहिदाभाभीजवळ."

माझ्या सख्ख्या भावाची लेकरं, अन् भरवसा शेजारणीवर. तोंड उघडलं होतं मी बोलायला. पण कोणत्या तोंडानं बोलू? दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी एकटीच मुरुडला आले.