सुगुणाक्कांची गाडी पाहायला आलेली माणसे

गाडी पाहावयास येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकास सुगुणाक्का प्रथम केशरी, म्हणजे इकडचा केशर घातलेला शिरा, आणि भजी देत. आमच्या कुंभकोणात हा बेत केव्हा होतो, हे शाळकरी पोरासही ठाऊक आहे: मुलगी पाहायला वरपक्ष येतो तेव्हा. मी माझा विरोध रीतसर नोंदवला. "अक्का, ही वस्तूची विक्री आहे. वस्तुविक्रीच्या कायद्यात केशरीची तरतूद नाही."

त्या शेगडीवरून मान न वळवता म्हणाल्या, "नसूं दे हो वकीलराव. गोड काही नाही, म्हणूनच तुमचा कायदा असा कडू."

त्या माझ्या शेजारीण; दोन घरांत भिंत एकच. आम्हा दोघांचीही घराणी मराठेशाहीत या मुलखी आलेली. मी पुस्तके वाचून, पुण्याच्या संपादकांना संतप्त पत्रे लिहून माझी मराठी सुधारून घेतली. अक्कांनी तसले काही केले नाही. दाराबाहेर तमिळ आणि दाराआत पूर्वजांची मराठी, असा त्यांचा सरळ हिशेब होता. 'विचारणे' हा शब्द त्यांच्या तोंडी मी कधी ऐकला नाही. त्या 'पुसत' असत. आणि पुसत फार.

गाडी म्हणजे दोन आसनांची, ठेंगणी, उघड्या टपाची, हिरव्या रंगाची जुनी विलायती स्पोर्ट्स कार. त्यांचे यजमान डॉक्टर होते. डोंगरातला कोणी गोरा चहामळेवाला देश सोडून जाताना त्यांनी ती घेतली होती. डॉक्टर वारल्यावर अक्का स्वतः चालवावयास शिकल्या आणि दर शुक्रवारी पट्टीश्वरम्‌च्या दुर्गेला त्याच गाडीने जाऊ लागल्या. नऊवारी नेसलेली वृद्धा रस्त्याला जवळजवळ टेकून बसलेली आणि मागे बसवाला भोंगा वाजवतो आहे, हे दृश्य आमच्या गावाने अनेक वर्षे पाहिले. त्या बसवाल्याविरुद्ध मी तीन कार्यालयांना पत्रे लिहिली. एकाचेही उत्तर आले नाही.

पुढे गुडघे गेले. कोइमतूरच्या लेकीने आईला आपल्याकडे न्यायचे ठरवले, घर विकले गेले, ऐप्पसी हा दिवाळीचा तमिळ महिना संपताना ताबा द्यावयाचा होता. नव्या मालकाने तोंडावर सांगितले की तोवर गाडी हलली नाही तर तो भंगारवाल्यास बोलावील. म्हणजे गाडी त्याआधी विकणे भाग होते. "कोणासही द्या," मी म्हणालो. "कोणासही नव्हे," त्या म्हणाल्या. मग कोणास? माझा गोंधळ येथून सुरू होतो, आणि तो पुरता मिटला असे आजही मी शपथेवर सांगू शकत नाही.

जाहिरात मीच लिहिली. जुन्या स्पोर्ट्स गाड्यांना गिऱ्हाइके किती तऱ्हेची असतात, याची मला तोपर्यंत कल्पना नव्हती. पहिला चेन्नईचा संग्राहक. पांढरे हातमोजे घालून त्याने गाडीस बोट लावले. तिच्यासाठी काचेची खोली बांधीन म्हणाला. "आणि फिरवणार कधी?" अक्कांनी पुसले. "फिरवायची कशाला अम्मा? धूळ बसते." अक्कांनी त्याला आणखी दोन भजी वाढली आणि नकार दिला. मग एक छायाचित्रकार आला. लग्नाआधी जोडप्यांचे जे फोटो काढतात त्यासाठी त्याला गाडी हवी होती. एंजिन नसले तरी चालेल, असे तो मोठ्या उदारपणे म्हणाला. "मग तू मुलीचा फोटोच घेऊन जा की रे," अक्का म्हणाल्या.

तिरुचीहून एक वयस्क गृहस्थ आले. त्यांच्या वडिलांकडे अशीच गाडी होती. स्टिअरिंगच्या चाकावर कपाळ टेकून ते रडू लागले, तेव्हा मलाही भरून आले. हाच योग्य मनुष्य, असे मी ठरवून टाकले. अक्कांनी त्यांना पाणी दिले, पाठीवरून हात फिरवला आणि रिकाम्या हाती परत पाठवले. मी खवळलो. त्या हळूच म्हणाल्या, "त्यास बाप हवा आहे वकीलराव, गाडी नव्हे. बाप मी कोठून देऊं?"

याहून न कळणारी गोष्ट म्हणजे आलेल्या प्रत्येकास त्या, कोणी न पुसता, गाडीचे दोष सांगत. खरेदीदाराने स्वतः सावध असावे, हे कायद्याचे जुने तत्त्व मी त्यांना दहादा समजावले. विक्रेत्याने मौन पाळणे हा गुन्हा नव्हे. पण छे! सेलमचा एक गुंतवणूकदार आला होता. सर्वांत सभ्य, गाडीकडे न पाहता त्याने आधी कागद मागितले, म्हणून मला फार आवडला. सौदा ठरत आला आणि अक्का म्हणाल्या, "तापली म्हणजे ही बंद पडते हां. आणि दुसरा गियर रुसतो." तो रुमालाने बोटे पुसत उठला. "गावी जाऊन पत्र टाकतो," असे म्हणाला आणि गेला.

मी पत्राची वाट पाहिली. ते येईना, तेव्हा पत्राचे वचन मोडल्याबद्दल त्याला नोंदणीकृत टपालाने नोटीस धाडली. अक्कांना कळले तेव्हा त्या हसता हसता पायरीवर बसल्या. "अय्यो देवा! अहो, मुलीच्या घरून उठताना जें म्हणतात तें तो म्हणाला. तो नकार होय. नकारास नोटीस कोण पाठवतो?"

"मनुष्याने म्हणायचे एक आणि त्याचा अर्थ दुसरा, असे चालू लागले तर न्यायालये बंद करावी लागतील," मी म्हणालो.

"करा बंद. तुम्हांस दुपारची झोप तरी लागेल."

महिना संपत आला असताना तिरुप्पनंदाळहून एक बाई स्कूटरवर आली. नाव मलर. गुरांची डॉक्टर. चपलांना शेण, हातात हेल्मेट. केशरीकडे तिने पाहिलेही नाही. गाडीभोवती एक फेरी मारून तिने तमिळमध्ये प्रश्न केला, "मामी, हिला काय होतं?"

अक्कांनी केशरीची बशी बाजूला ठेवली. मग त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि सांगायला बसल्या. ती मधूनमधून पुसत होती. पावसात कशी वागते? सकाळी किती वेळ घेते? बंद पडली की तुम्ही काय करता?

"काही नाही. निवेपर्यंत उगी बसते. देवीचें नाव घेते."

"आणि निवल्यावर?"

"कोणास तरी हाक मारते. ढकलतात."

"माझ्या फिरतीच्या गावांत ढकलणारे पुष्कळ आहेत," मलर म्हणाली.

तिने देऊ केलेली किंमत सर्वांत कमी होती. अक्कांनी ती तत्काळ मान्य केली. ती गेल्यावर मी सर्व आक्षेप एकापाठोपाठ एक मांडले: संग्राहकाची किंमत, तिरुचीच्या गृहस्थांचे अश्रू, कोणत्याही निकषावर न टिकणारा हा निर्णय. अक्कांनी सर्व ऐकून घेतले. मग गार झालेली केशरी माझ्यापुढे सरकवली.

"मज पाहायला पुष्कळ आले होते, वकीलराव. हिला गाणें येते का, स्वयंपाक येतो का, रंग उजळ आहे का. डॉक्टर आले, त्यांनी पुसले, तुला काय जमत नाही? अप्पा रागावले. मी सांगितले, पहाटे उठणें जमत नाही. ते म्हणाले, बरें झालें, मी घोरतो. जो दोष पुसतो, त्यास नांदवायचें असते. बाकीचे पाहून जातात."

मी म्हणालो की यास पुरावा म्हणता येणार नाही. त्यांनी ते मान्य केले.

निघण्याच्या दिवशी सामान लेकीने आधीच नेले होते. मलरने अक्कांना त्याच गाडीतून स्टेशनवर सोडावे असे ठरले. आसने दोनच असल्याने मला जागा नव्हती. निरोप दारातच द्यावयाचा होता. त्यासाठी मी चार वाक्ये तयार केली होती, शेवटचे थोडे लांब होते. पहिल्याचा उच्चार होतो न होतो तोच एंजिन बंद पडले.

आगगाडीची वेळ झाली होती. गल्लीत दुसरे कोणी नव्हते. मी लुंगीसारखी नेसलेली वेष्टी वर खोचली आणि ढकलू लागलो. गल्लीतला तो खड्डा, ज्याविषयी मी नगरपालिकेस लिहून थकलो आहे, तेथे माझा पाय मुरगळला. तरी ढकलत राहिलो. महामहम तळ्याच्या कोपऱ्याशी एंजिन एकदम धडधडले आणि गाडी माझ्या हातांखालून सुटली.

"थांबूं नकोस मलर!" अक्का तमिळमध्ये ओरडल्या. "थांबलीस तर ही पुन्हा बसेल!"

आणि ती थांबली नाही. वळणावर उघड्या टपातून अक्कांचा हात वर उठलेला दिसला. मग गाडी दिसेनाशी झाली. तो हात वळण्याच्या इशाऱ्याचा होता की काय, याचा मी पुष्कळ विचार केला. परंतु हाताने इशारा द्यावयाचा तो चालकाने. शेजारी बसलेल्याने द्यावा अशी तरतूद कोठेही नाही. त्या अर्थी तो हात माझ्यासाठी होता, असे मी धरून चाललो आहे.