काळे पडलेले तेल

श्रीमती कमरजहां इब्राहिम बागवान (१९५४–२०१६) या हडपसरच्या आमच्या वंगण-कारखान्यात मुख्य रसायनतज्ज्ञ होत्या. अर्थव्यवस्था खुली झाली आणि परदेशी तेले बाजारात आली. त्या सुमारास बाईंनी जड इंधनावर चालणाऱ्या जहाजी डिझेल इंजिनांसाठी वंगण तयार केले. त्याची चाचणी फसल्यास प्रयोगशाळा बंद करायची, असे मालकांनी ठरवले होते.

चाचणीच्या मध्यावर जहाज कंपनीचे अभियंता कोरगावकर वापरलेल्या तेलाची बाटली घेऊन आले. स्कूटरचे तेल काळे दिसताच बदलणाऱ्या आम्हा पुणेकरांचे चेहरे ती पाहूनच उतरले.

"बाई, हे वंगण आहे की डांबर?" कोरगावकरांनी विचारले.

"अहो, काजळी पिस्टनवर बसू द्यायची नाही, हेच तर त्याचं काम. तेल गोरंगोमटं राहिलं असतं, तर आपण खूश आणि पिस्टन काळा!"

बाईंनी टिपकागदावर एक थेंब टाकला. डाग कडेपर्यंत सारखा पसरला. मध्यभागी काजळी साचली नाही. म्हणजे तेलाने घाण आपल्यात धरून ठेवली होती. इंधनातल्या गंधकापासून होणारे आम्ल मारण्याची ताकदही तपासणीत पुरेशी भरली.

"चाचणी चालू ठेवतो, बाकीचं आपण इंजिन उघडल्यावर बोलू," कोरगावकर म्हणाले.

इंजिन उघडले तेव्हा पिस्टन स्वच्छ निघाले. प्रयोगशाळा टिकली, ती आजही चालू आहे. कमी गंधकाच्या इंधनासाठीचे नवे तेल मात्र बाईंच्या हातून अपुरे राहिले. ते आता त्यांच्या हाताखाली शिकलेल्या दीपाली गायकवाड पूर्ण करीत आहेत.