यानात पाणी कोण भरतं?

वडिलांच्या डायलिसिससाठी आष्टीच्या दवाखान्यात गेलो की शेजारच्या खाटेवरच्या बाईंचे यजमान हमखास भेटायचे. नवराबायको मोबाइलवर अंतराळाची मालिका बघायचे आणि यजमान प्रत्येक भागात चुका काढायचे.

“माणसं लई जिवंत लिहिलीत, सर. पण यानात पाणी कोण भरतं, ते कुणीच दाखवत न्हाई.”

एकदा मालिका सुरू असतानाच बाईंचं बीपी एकदम उतरलं. नर्स धावल्या. यजमानांनी मोबाइल बंद केला आणि ते भिंतीला टेकून उभे राहिले.

बऱ्याच वेळानं बाईंनी डोळे उघडले. “पुढं काय झालं वो?”

“समदे सुखरूप परत आले. आज एक बी चूक न्हाई बग.”

“लई भारी भाग होता,” मीही सांगून टाकलं.