रविवारी संध्याकाळी मेस बंद

कर्वेनगरात कौशल्याबाईंच्या मेसमध्ये जेवायचं म्हणजे पोटाबरोबर कानही भरून निघायचे. ताटात टाकलं की बोलणी, उशिरा आलं की बोलणी. भाजीला कुणी नाक मुरडलं तर बाई शांतपणे म्हणायच्या, "घरी आईला फोन लाव, ती पाठवेल." जेवण झालं की ताट ज्याचं त्यानं उचलायचं. आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद. आता पुण्यातल्या बहुतेक मेस तेव्हा बंदच असतात, त्यात नवल काही नाही. पण बाईंचा सख्खा दीर एकदा नेमकी ती वेळ साधून टपकला, तर त्यालाही त्यांनी नुसत्या चहावर कटवला होता.

मुठाई एफसी या फुटबॉल क्लबची पोरं वरच्या मजल्यावर राहायची आणि क्लबच्या खर्चानं बाईंकडे जेवायची. क्लबचे मालक अनिरुद्धशेठ बिल्डर. क्लब त्यांचा, इमारत त्यांची, आणि बाईंचा मेसचा गाळाही त्यांचाच. नवरा गेल्यावर बाईंनी त्याच गाळ्याच्या जोरावर मुलीला शिकवलं, तिचं लग्न लावलं, आणि स्वतः मागच्या खोलीत संसार थाटला. गाळा गेला तर या वयात चूल मांडायची कुठं?

यंदा संघ लीगच्या फायनलला पोचला, पण सेमीफायनलमध्ये सूरजचा गुडघा गेला. सूरज बचावपटू, खडकवासल्याचा, म्हणजे बाईंच्या माहेरचा. म्हणून बोलणीही जरा जास्तच खाणारा. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लागेल. क्लब म्हणाला, करार हंगामापुरता आहे, पुढचं तुझं तू बघ. मग सगळी पोरं एक झाली. सूरजचं ऑपरेशन क्लबनं करायचं आणि तो बरा होईपर्यंत त्याला काढायचं नाही, एवढं लिहून द्या. नाहीतर सोमवारी फायनलला आम्ही मैदानात उतरत नाही.

शनिवारी दुपारी क्लबचा मॅनेजर साईनाथ बाईंच्या दारात येऊन उभा राहिला. मुंबईहून नवीनच आलेला.

"मावशी, शेठचा निरोप आहे. उद्या संध्याकाळपासून पोरांची मेस बंद. उपाशी राहिली की येतील ताळ्यावर. तुम्ही ऐकलं नाही तर गाळ्याचा विचार करावा लागेल म्हणाले."

"उद्या संध्याकाळी ना? ठेवते की बंद."

साईनाथला हायसं वाटलं. पुण्याच्या मेसचं वेळापत्रक त्या बिचाऱ्याला काय ठाऊक!

तो गेला. गाळ्याच्या नावानं बाई घाबरल्या होत्या, खोटं कशाला सांगा. पण त्याहून जास्त राग आला होता. रोज आपल्या हातचं खाणाऱ्या पोरांच्या पोटावर पाय द्यायचा, आणि तोही आपल्याकडून? त्यांनी मटकी भिजत घातली.

रविवारी संध्याकाळी गाळ्याचं शटर खाली होतं, 'रविवारी संध्याकाळी मेस बंद' ही पाटीही जागेवर होती. मागच्या खोलीत मात्र पंगत बसली होती. उसळ, भाकरी, वांग्याचं भरीत, वर शिरा. सूरज कोपऱ्यात, पाय स्टुलावर ठेवून.

पोरं कितपत नरमली ते बघायला शेठ स्वतः आले. फोडणीच्या वासानं थेट मागच्या दाराशी पोचले.

"कौशल्याबाई, बंद ठेवायला सांगितलं होतं ना?"

"बंदच आहे. बाहेर पाटी वाचली नाहीत? ही माझ्या घरी आलेली पाहुणेमंडळी. क्लबला बिल लावणार नाही, काळजी नको."

"उठवा त्यांना. मला बोलायचंय."

"भरल्या ताटावरून माणसाला उठवत नाहीत, शेठ. बसा, तुम्हालाही वाढते."

शेठ तरी कुठले मोठे परके? इथल्याच शेतकऱ्याच्या पोटचे. वाढलेल्या ताटाला नाही म्हणणं त्यांना जमेना. जागा होती ती सूरजच्या शेजारीच. बसले. बाईंनी त्यांच्या ताटात भाकरी वाढली.

जेवण झाल्यावर सूरज सवयीनं ताट घेऊन उठायला गेला. एका हातात कुबडी, एका हातात ताट, आणि पाय काही टेकेना. शेठनी ते ताट काढून घेतलं, आपल्या ताटावर ठेवलं आणि दोन्ही मोरीत नेऊन ठेवली. हात पुसत संघाच्या कप्तानाला म्हणाले, "सकाळी लिहून देतो." मनाला पाझर फुटला, की फायनल हातची जाईल ही धास्ती, ते देव जाणे.

सोमवारी संघ जिंकला. सूरजचं ऑपरेशन झालं. पण शेठ पाटीचं बोलणं विसरले नाहीत. गाळ्याचा करार संपला, तो पुन्हा झाला नाही. मुलगी रडली. बाई वाद न घालता भांडी बांधून सदाशिव पेठेत गेल्या, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत. सुरुवातीला गिऱ्हाईक फार नव्हतं. कर्वेनगरच्या आठवणीनं जीव तुटायचा. पाटी तेवढी तीच लावली.

पुढच्या हंगामाच्या तोंडावर एका रविवारी संध्याकाळी कडी वाजली. दारात सूरज. धापा टाकत होता, पण दोन्ही मजले चढून आला होता. हातात कुबडी नव्हती.

"पाटी वाचता येत नाही?" बाई म्हणाल्या.

"वाचली, मावशी."

बाई त्याच्या गुडघ्याकडे बघत राहिल्या. डोळे भरून आले, ते त्यांनी पदरानं टिपले.

"पाय धुऊन आत ये," त्या म्हणाल्या. "आणि ताट आपलं आपण उचलायचं."