दोघींचं एकदम बोलणं

मुलांनो, शेजारची मैत्रेयी परवा कानाला हेडफोन लावून, कपाळाला आठ्या घालून माझ्यासमोर बसली होती. कॉलेजात भाषेच्या अभ्यासासाठी त्यांना लोकांचं रोजचं बोलणं रेकॉर्ड करून शब्दन् शब्द उतरवून काढायचा असतो. तिने माझं आणि माझ्या धाकट्या बहिणीचं, तुमच्या शालूआजीचं, मटार सोलतानाचं बोलणं घेतलं होतं.

"आजी, तुम्ही दोघी एकदमच बोलताय! ऐकतंय कोण? हे बाद होणार. परत घेऊ, एकेकीने बोला."

मी कॉन्व्हेंटात शिकलेली. आपली पाळी आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हे अंगात मुरलेलं. मी ओशाळले.

शेजारीच बसलेली शालू मात्र उसळली. "अगं, मग विचार की आम्हाला, कोण काय म्हणालं ते!"

मैत्रेयीने विचारलं. मी शालूच्या गुडघ्यापासून तिच्या सुनेच्या नव्या नोकरीपर्यंत सगळं सांगितलं. शालूने माझं सांगितलं, वर "आमटी खारट झाली, ते हळूच म्हणाली हं ही," असंही. काही म्हणता काही सुटलं नव्हतं! मैत्रेयीने दोघींचं बोलणं शेजारी-शेजारी लिहून नेलं आणि काल तिच्या बाईंनी वर्गात तेच ऐकवलं.

पाळी लावून आपण पाहुण्यांशी बोलतो. घरच्यांच्या बोलण्यात आपलं बोलणं खुशाल मिसळतं.

फोनवर तुमचा आवाज इतक्या लांबून पोचेपर्यंत मी थांबते, माझा पोचेपर्यंत तुम्ही थांबता. किती शहाण्यासारखं बोलतो आपण! आता सुट्टीत याल तेव्हा सगळ्यांनी एकदम बोलायचं. मला सगळं ऐकू येईल.