देवानं माफ केलं तेव्हा

ईस्टरआधीच्या उपवासकाळात आमच्या देवळातल्या बाकांना व्हार्निश लावतात. परवा तो वास आला आणि पन्नास वर्षांपूर्वीचा आष्ट्यातला एक रविवार आठवला.

माझे वडील वेदीपुढे गुडघे टेकून रडत होते. दारू पिऊन बायकोला मारल्याचं त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं. पाळकसाहेब म्हणाले, "देव दयाळू आहे. त्यानं तुम्हांला क्षमा केली." बायकांनी डोळे पुसले.

आई उठून उभी राहिली. तिचा डावा हात अजून गळ्यात बांधलेला होता.

"आवं पाळकसाहेब, हात माजा मोडलाय. मला कुटं इचारलं ह्यांनी?"

वडील गुडघ्यांवरूनच ओरडले, "गप बस! चार माणसांत आब्रू काडतीस व्हय?"

"बगा," आई म्हणाली, "ह्यो ह्यांचा पश्चात्ताप." आणि ती बाहेर निघून गेली.

लोकांनी तिलाच कठोर ठरवलं. वडिलांनी मरेपर्यंत तिची माफी मागितली नाही, आणि तिनं ती दिली नाही. पश्चात्ताप म्हणजे काय, हे त्या देवळात तिला एकटीलाच कळलं होतं, असं आज वाटतं. ती उभी राहिली तेव्हा मी मात्र तिचा पदर ओढून म्हणाले होते, "आई, खाली बस गं. लोक बगत्यात."